बंबासमोरची वीट

"काहीतरी करपतंय," सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"दूध बघ," मी पेपरातून मान वर न करता म्हणालो.

दूध ठीक होतं. तिनं तवा पाहिला, इस्त्रीचं बटण पाहिलं आणि मग वास घेत घेत परसात आली. मी बंबासमोर खुर्ची टाकून बसलो होतो. पाय समोरच्या विटेवर, हातात अग्रलेख.

"अवं, तुमचा मोजा!"

मी पाय उचलला. मोजा वर आला, पण त्याचा तळ विटेवरच राहिला. त्याच्याबरोबर माझीही थोडी कातडी राहिली. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. अग्रलेख मात्र पूर्ण समजला होता.

*

माझं वय साठीच्या पुढचं. इंदापूर तालुक्यातल्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि वरकुट्याच्या घरी येऊन राहिलो. मला मधुमेह आहे. आमच्याकडे त्याला कुणी मधुमेह म्हणत नाही, "थोडी शुगर हाय" म्हणतात, चहात जरा जास्त पडली असावी तसं. चारी बाजूंना ऊस आणि हंगामात वाऱ्यावर मळीचा वास, अशा मुलखात थोडी शुगर असण्यात कुणाला नवल वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

ज्यांच्या घरात अशी थोडी शुगर आहे आणि परसात बंब, खोलीत शेगडी किंवा अंथरुणात गरम पाण्याची पिशवी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी गंमत म्हणून वाचलं तरी हरकत नाही. गमतीचा भाग त्यात पुरेसा आहे.

थंडीबद्दल आधी सांगतो. कॅनॉलच्या पाण्याखालचा आमचा भाग, त्यामुळे पौषात सकाळी उसातून असा गारठा येतो की भिंतीसुद्धा ओल्या लागतात. मुलानं छतावर सोलर बसवून दिलाय. पण मी तांब्याचा बंब सोडला नाही. उसाची वाळकी चिपाडं घालून तो पेटवायचा, धूर नळीतून वर जाताना बघायचा आणि पाणी तापेपर्यंत जाळासमोर पाय शेकत पेपर वाचायचा, हा माझा हिवाळा. थंडीत तब्येत कशी सांभाळावी यावर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला व्याख्यान देत असे. त्यात बाजरी, तीळ, कानटोपी आणि "पाय गरम ठेवा" हे चार मुद्दे असत. चौथ्यावर माझा विशेष भर होता.

वर्षभर माझे पाय कायम गार वाटायचे. गार वाटायचे, पण गरम केलेले कळायचे नाहीत. शेकून ऊब लागेना म्हणून मी वीट जाळाच्या जवळ सरकवली. तरी लागेना, म्हणून आणखी सरकवली. थर्मामीटर बिघडला म्हणून ताप वाढवत नेणारा माणूस मी दुसऱ्या कुणात पाहिला असता, तर त्याच्यावर चांगला तासभर बोललो असतो.

विटेवर पाय ठेवून नाव कमावलेला आमच्याकडे एकच आहे. माझं होतं नव्हतं ते गेलं.

*

त्या सकाळी सुनंदा म्हणाली, "गाडी बोलवते. बारामतीला जाऊ."

मी म्हणालो, "दुखत नाही."

"तळपायाचं कातडं विटेवर हाय आन् दुखत न्हाय म्हणताय?"

"दुखत नाही म्हणजे गंभीर नाही. साधा तर्क आहे."

हा तर्क मी बरेच दिवस चालवला. कोरफड लावली, हळद लावली, वरून स्वच्छ धोतराची पट्टी. सुनंदा रोज म्हणायची, मी रोज तर्क सांगायचो. मग करंगळी काळी पडली आणि पट्टी सोडताना वास यायला लागला. थंडीही वाजायला लागली, पण ती हवेतली नव्हती. एका दुपारी सुनंदानं मला न विचारता शेजाऱ्याची गाडी दारात उभी केली आणि मला न विचारता माझी बॅग भरली. तिच्यात तिनं तिचीही दोन लुगडी घातलेली पाहिली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

बारामतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी जखम पाहिली, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही आणि ड्रॉवरमधून नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी काढलं.

"सर, डोळे मिटा. मी पायाला ही तार टेकवीन. कळलं की 'हो' म्हणायचं."

मी डोळे मिटले. काहीच कळेना. बाहेर कुणीतरी पावतीसाठी भांडत होतं, ते कळत होतं. जरा वेळ गेला. इतक्यात टेकवली असणार, असा अंदाज बांधून मी म्हणालो, "हो."

बाहेरचं पावतीचं भांडण चालूच होतं.

मी पुन्हा थोडं थांबून म्हणालो, "हो."

"सर," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी अजून टेकवलीच नाही."

मी डोळे उघडले. सुनंदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. उभ्या हयातीत मी परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी करणारी पोरं त्यांच्या मानेवरून ओळखली. त्यांतलं एकही इतकं वाईट पकडलं गेलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मग सरळ सांगितलं. पायाची जाणीव गेली आहे, ती परत येईल असं धरू नका. दोन बोटं जातील. बाकीचा पाय राहील की घोट्यापर्यंत जाईल, ते जखम पुढच्या दिवसांत काय करते त्यावर.

"म्हणजे शक्यता किती?" मी विचारलं.

"तुम्ही लवकर आला असतात तर मी उत्तर दिलं असतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

*

दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. ती जाताना दुखलं नाही, हे लोकांना चांगलं वाटतं. मला नाही.

त्यानंतर वाट बघणं. वॉर्डातला दिवस सकाळी बोटाला सुई टोचून सुरू व्हायचा. हाताच्या बोटाला, तिथं अजून कळत होतं. मग चहा, ज्याला चहा म्हणण्याची पद्धत होती. मग ड्रेसिंग. सिस्टर पट्टी सोडायची आणि मी छताकडे बघायचो. सुनंदा जखमेकडे बघायची. कालच्यापेक्षा लाल किती, काळं किती, हे मी सुनंदाच्या तोंडावरून वाचायला शिकलो. ती "बरं हाय" म्हणाली की मी तिच्या हातांकडे बघायचो. पदराचं टोक पिळत असली तर बरं नाही.

लाजेच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे सगळ्याच सांगायला हव्यात. पाय खाली टेकायचा नव्हता, म्हणून भांडं. ते भांडं सुनंदा न्यायची, वॉर्डातून, लोकांच्या देखत, वर टॉवेल टाकून. मी तेव्हा पुस्तक उघडून धरायचो. एकदा पुस्तक उलटं होतं. तिनं जाता जाता सुलटं केलं आणि गेली.

शेजारच्या खाटेवर पिंपळीकडचे एक आबा होते. घराणं मेंढरांचं. तरुणपणी कळपाबरोबर दरसाल घाट उतरून कोकणात जायचे. आता मुलं शेती करतात. आबांचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. गेल्या हिवाळ्यात गेला होता. आता डाव्याला जखम झाली म्हणून आले होते.

"सर, ह्या पायांनी कोकण पालथं घातलं," ते म्हणाले. "आता संडास पालथा घालायचा तर दोन माणसं लागत्यात."

त्यांच्या अंगावर काळी घोंगडी असायची. दवाखान्याचं पांढरं ब्लँकेट त्यांनी उशाला घेतलं होतं. "ह्यात ऊब न्हाय, नुसती शिस्त हाय," असं त्यांचं मत होतं. मी हसलो की ते समाधानानं कुशीवर वळायचे. त्या वॉर्डात कुणीतरी मला हसवत होतं, याचे उपकार मी मानतो. पण त्यांच्या घोंगडीखाली जिथं पायाची उंची असायला हवी तिथं ती सपाट होती, आणि माझी नजर दिवसभर तिथंच जायची.

*

एका सकाळी चेअरमन आले. हा माझा जुना विद्यार्थी, बाळू. आता कसल्यातरी सोसायटीचा चेअरमन असल्यानं बाळासाहेब. बरोबर चारपाच माणसं, एक शाल, एक हार, केळी-चिकूंची करंडी आणि गुळाची एक ढेप. मधुमेहाच्या पेशंटला ढेप आणणारा माणूस एकतर फार भोळा असतो, नाहीतर राजकारणात असतो.

शाल माझ्या खांद्यावर पडली. फोटो निघाला. मग बाळासाहेब पाया पडायला वाकले. पाया पडून घेणं मला कधीच आवडलं नाही, वर्गात मी ते बंद केलं होतं. पण आता पाय मागे घेता येत नव्हता. बाळासाहेबांचा हात पट्टीपर्यंत आला, थबकला, वासानं त्यांचं नाक किंचित आक्रसलं आणि त्यांनी खाटेच्या लोखंडी कडेला नमस्कार केला. तो फोटोही निघाला.

"सर, हे झालं कसं पण?"

मी तोंड उघडलं. सगळे जण बघत होते. माझ्याच पायाला आग लागली आणि मला कळलं नाही, हे वाक्य मनात तयार होतं. सोपं होतं, व्याकरण शुद्ध होतं. ते बाहेर येईना.

"माझ्या हातनं अंगुळीचं पाणी सांडलं," सुनंदा म्हणाली. "कढत होतं."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"अरारा," बाळासाहेब म्हणाले. "मॅडम, जरा बघून करत जावा. सरांसारखी मानसं पुन्यांदा मिळत न्हाईत."

"व्हय," सुनंदा म्हणाली.

मी गप्प बसलो. मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो: सुटलो असं वाटलं.

ते गेल्यावर आबा घोंगडीतून म्हणाले, "सर, तुमच्याकडचं पाणी लई शहाणं. नेमकं तळपायालाच सांडलं. वर एक थेंब न्हाय."

सुनंदा केळी आबांच्या घरच्यांना देऊन आली.

*

फोटो गावभर गेला आणि फोटोबरोबर पाणीही. दोन दिवसांत माझी थोरली बहीण, आक्का, अंथुर्ण्याहून आली. आल्या आल्या माझ्या तोंडावरून हात फिरवला, रडली आणि मग सुनंदाकडे वळली.

"कढत पाणी घेऊन चालताना ध्यान कुठं असतंय गं तुझं?"

"चुकलं, आक्का."

"चुकलं म्हनं! मानसाचा पाय चाललाय आन् ही म्हणती चुकलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे आक्का." जाऊ दे! म्हणजे पाणी सांडलं हे कबूल, वर मी उदार मनानं माफही केलं. सुनंदानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डबा धुवायला गेली. मी तिला नंतर विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

"तुमचं तोंड बघवंना," ती म्हणाली. "आन् आता त्यावर बोलू नका. पाय बरा होऊ दे."

मी ते आज्ञा म्हणून पाळलं. सोयीच्या आज्ञा माणूस फार निष्ठेनं पाळतो.

पाय राहिला. एका सकाळी डॉक्टरबाईंनी जखम पाहिली, दुसऱ्या बाजूनं पाहिली आणि म्हणाल्या, "आता कापायचं नाही." सुनंदानं हातात पिळलेला पदर सोडला. मग ती जिन्यात गेली आणि बराच वेळ आली नाही. आबांचा डावा पायही राहिला. "निदान उभं राहून मरता यील," ते म्हणाले.

*

घरी आल्यावरचा हिवाळा वेगळा. ज्यांना उपयोग आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं. आता वीट नाही, शेगडी नाही, गरम पाण्याची पिशवी तर नाहीच. पाय गार वाटले तर सैल लोकरीचे मोजे आणि वरून घोंगडी. मोज्यात खडा नाही ना, हे आधी हात घालून बघायचं. अंघोळीच्या पाण्यात पाय घालण्याआधी कोपर घालायचं. ऊब हवी तर सकाळचं ऊन, किंवा बंबापासून इतकं लांब बसायचं की लोकांना वाटावं तुमचं भांडण झालंय. रोज तळपाय बघायचा. दिसत नसेल तर आरसा घ्यायचा, आरशाची लाज वाटत असेल तर घरच्याला दाखवायचा. पाय काही सांगेनासे झाले की त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. दुखत नाही, हा तर्क नाही.

एवढं मी छान समजावून सांगायला लागलो. फक्त भाजलं कसं, हे मी सांगत नव्हतो.

*

माघात आक्कानं हुरड्याला बोलावलं. शेतात गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, भोवती पोती अंथरलेली, कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून हातावर चोळून देत होते. दहाबारा माणसं होती. मला लांब, खुर्चीत बसवलं होतं. पायात डॉक्टरनी दिलेला जाड बूट. सुनंदा चहाची किटली घेऊन निघाली.

"अगं सुनंदा, तू नगो," आक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "किटली दुसऱ्या कुनाला दे. माझ्या भावाचा एक पाय राहिलाय अजून."

लोक हसले. चांगलं हसले. सुनंदाही हसली, किटली खाली ठेवली आणि हात कुठं ठेवावेत हे न कळल्यासारखी उभी राहिली. जवळ बसलेली एक पोरगी आईला विचारत होती, "हिनंच पाय भाजला व्हय?"

"पाणी सांडलंच नव्हतं," मी म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी उठलो. काठी धरून आगटीपाशी गेलो आणि पुन्हा म्हणालो. मग सगळं सांगितलं: वीट, मोजा, अग्रलेख, कोरफड, डोळे मिटून म्हटलेला तो "हो". माझं बोलणं ऐकताना आक्काच्या दिरानं आगटीकडे पसरलेले पाय हळूच मागे घेतले आणि उपरण्याखाली झाकले. मी पाहिलं ते त्याला कळलं.

"तात्या, तुमच्या पायांना कळतं ना?"

"माज्या पायांला काय झालंय?" तो तोडून म्हणाला. "ठनठनीत हाईत." आणि उपरणं आणखी ओढून घेतलं. जरा वेळानं, दुसरीकडे बघत, "त्या बाई डाक्टर रोज असत्यात का?" असं विचारलं.

आक्का डोळे पुसत होती. "बाबा, मोठ्या मनाचा हायस तू. चारचौघात असं कोन सांगतंय?" कुणीतरी मान डोलावली. कुणीतरी हुरड्याची पहिली ताटली माझ्या हातात दिली. जरा वेळात बाळासाहेबांचा फोनही आला, त्यांच्यापर्यंत कसं पोचलं देव जाणे. ज्येष्ठांच्या मेळाव्यात हाच अनुभव सांगाल का, सत्कारही ठेवू, म्हणाले. आयुष्यभर मी ज्या हारतुऱ्यांना हसलो ते माझ्या लाजेलाही चिकटले होते. मी नाही म्हणालो. पण क्षणभर बरं वाटलं, हेही खोटं नाही.

सुनंदा पोत्याच्या कडेला बसून चोळलेला हुरडा पाखडत होती. तिला कुणी काही म्हणालं नव्हतं.

घरी पोचल्यावर कुकर लावायला घेताना म्हणाली, "आज तुमचं नाव झालं."

"नावासाठी सांगितलं नाही."

"ठाऊक हाय. पण झालं. मी सांडलं म्हणलं तवा दोन महिनं बोलणी खाल्ली. तुमी न्हाय सांडलं म्हणला तर ताटली मिळाली."

मी बाहेर येऊन आक्काला फोन लावला.

"आक्का, मला मोठ्या मनाचा म्हणालीस. सुनंदाला काय म्हणालीस?"

"तिला काय म्हणायचं?" आक्का खरोखर गोंधळून म्हणाली. "ती काय परकी हाय का? घरचीच हाय."

मी फोन ठेवला. दवाखान्यातल्या खाटेवर मीही नेमका तोच हिशेब केला होता: लोकांसमोर आपली लाज राखावी, घरच्या माणसाचं काय, ते घरचंच आहे. आणि आजही मी दहाबारा लोकांसमोर सगळं सांगून आलो होतो, फक्त तिला काही म्हणालो नव्हतो.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती पाठमोरी होती, भाकरी थापत होती.

"सुनंदा," मी म्हणालो, "माझं चुकलं."

कुकरची शिट्टी झाली.

"मोठ्यानं बोला," ती मागे न वळता म्हणाली. "काय ऐकू येईना."

मी मोठ्यानं बोललो.